काचेतलं तळं – ४ : पाणी बदला, स्पंज राहू द्या

गेल्या आठवड्यात आपण टँक मांडला, तळाशी रेती पसरली, फिल्टर सुरू केला आणि थांबलो. आता महिना-दीड महिन्याचा तो काळ सुरू होतो, ज्याला हौशी मंडळी ‘टँक सायकल होणं’ म्हणतात. नेमक्या याच काळात सल्लागारांची गर्दी होते. दुकानदार बजावतो, महिनाभर पाण्याला हात लावू नका, पाणी तयार होऊ द्या. घरातलं कुणी ज्येष्ठ माणूस म्हणतं, दर रविवारी सगळं उपसा, खडे नळाखाली चोळून धुवा, नाहीतर वास मारेल. दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी उलट, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे : टँकमध्ये जे काही तयार होतं ते पाण्यात तयार होतं. पहिला ते जपायला निघाला आहे, दुसरा धुऊन टाकायला. पाण्यात मात्र फारसं काही तयार होतच नसतं.

आधी घडतं काय ते थोडक्यात. मासा कल्ल्यांवाटे आणि थोडाफार मलमूत्रातून अमोनिया सोडतो. न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनिया येतो. अमोनिया माशाला घातक. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही घातकच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे बऱ्याच प्रमाणापर्यंत मासा सहन करतो. नव्या टँकमध्ये हे दोन्ही गट नावापुरते असतात आणि त्यांची वाढ कमालीची संथ असते. कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. या मंडळींना सगळं अनुकूल असलं तरी अर्धा-पाऊण दिवस लागतो, बरेचदा त्याहून जास्त. म्हणून महिना-दीड महिना. त्यातही अमोनिया खाणारे आधी वाढतात आणि त्यांनी नायट्राइट पुरवल्यावर दुसरे. त्यामुळे अमोनिया उतरला म्हणून हुश्श करावं, तोवर नायट्राइट चढलेलं असतं.

‘पाणी बदलूच नका’ या सल्ल्याला मोठा इतिहास आहे. १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक निबंध वाचला. काचेच्या टाकीत त्याने दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या होत्या. वनस्पती ऑक्सिजन देणार, मासे कार्बन डायऑक्साइड देणार, गोगलगायी सडकी पानं खाणार. म्हणजे पाणी बदलायची गरजच नाही. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडला ही कल्पना फार आवडली. पाणी जितकं जुनं तितकं चांगलं, हा शौकिनांचा दंडक झाला आणि तो पिढ्यान् पिढ्या दुकानांतून उतरत आपल्यापर्यंत आला. गंमत पुढे आहे. या वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता. मातीत अमोनियाचं नायट्रेट होणं ही निव्वळ रासायनिक क्रिया नसून जिवंत गोष्टींचं काम आहे, हे श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टनने त्यापुढे जाऊन सांगितलं, की या कामाच्या दोन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचे जीव वेगळे आहेत. ते जीव वेगळे काढणं त्याला साधलं नाही. ते १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने केलं. थोडक्यात, बापाच्या टाकीत वनस्पतींच्या बरोबरीने जे गुपचूप चाललेलं असणार, त्याचा उलगडा मुलाने शेतातल्या मातीत केला. मत्स्यशौकिनांच्या पुस्तकांत बापाला मानाचं पान असतं, मुलाला क्वचित. हा अन्यायच म्हणायचा.

पुस्तकांत नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूचं नाव बरीच वर्षं नायट्रोबॅक्टर असं छापलं जायचं. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले नमुने तपासले, तेव्हा हे काम नायट्रोस्पायरा नावाची वेगळीच मंडळी करताना दिसली. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमधून मिळाले होते. आपल्या कामापुरतं यातून एवढंच घ्यायचं, की हे सगळे जीव चिकटून राहणारे आहेत. स्पंजच्या छिद्रांत, रेतीच्या कणांवर, काचेवर, लाकडावर ते बुळबुळीत पातळ थर करून राहतात. फिल्टरमधला स्पंज त्यांना विशेष मानवतो, कारण तिथून पाणी सतत वाहतं आणि अमोनिया व ऑक्सिजन दोन्ही दारात येतात. मोकळ्या पाण्यात तरंगणारे त्यामानाने अगदी थोडे. म्हणून अर्धं पाणी काढून टाकलं तरी वसाहतीचं जवळपास काही जात नाही. उलट पाण्याचा एक थेंबही न बदलता स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर महिन्याची कमाई मोरीत जाते.

आता प्रश्न येतो, की किती आणि कधी. टँकमध्ये मासे आहेत की नाहीत, यावर उत्तर अवलंबून आहे.

आपल्याकडे बहुतेकांच्या टँकमध्ये मासे असतातच. टँक घरी आला त्याच संध्याकाळी मुलांच्या हट्टापायी पिशवीतून चार गोल्डफिश येतात. कुर्ल्याच्या बाजारातून येवोत नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून. हे योग्य की अयोग्य यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. मासे आत आहेत, तर त्यांना सांभाळायचं. त्यासाठी थेंबांची टेस्ट किट लागते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढ्या चार गोष्टी मोजणारी. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो आणि पहिल्या महिन्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा. रोज ठरावीक वेळी मोजायचं. अमोनिया किंवा नायट्राइट, दोघांपैकी काहीही लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर दिसलं, की त्याच दिवशी पाणी बदलायचं. रविवारची वाट पाहायची नाही.

किती बदलायचं हा साधा हिशेब आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक काठोकाठ भरला तर सुमारे ७० लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात पंचावन्न-साठ लिटर उरतं. अर्धं पाणी म्हणजे घरातल्या जेमतेम दोन बादल्या. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम असेल तर अर्धं पाणी बदलल्यावर तो १ होतो, नाहीसा होत नाही. अर्ध्या मिलिग्रॅमवर आणायला आणखी अर्धं बदलावं लागतं. इथे लोक फसतात. ‘काल पाणी बदललं तरी आज पुन्हा तेवढंच!’ अशी तक्रार करतात. पण माशांचं अमोनिया सोडणं रात्रभर चालूच होतं. पाव-पाव करून दोनदा बदललं तर अर्धं गेलं असंही नाही. चव्वेचाळीस टक्के जातं.

मग जिवाणूंची उपासमार होणार नाही का, ही शंका रास्त आहे. होत नाही. त्यांना जगवतो तो दिवसभरात तयार होणारा नवा अमोनिया. साठलेला ढीग असण्याची गरज नसते. मासे तेच, खाद्य तेच, तर रोजचा पुरवठाही तोच. साठा पातळ ठेवल्याने सायकल पूर्ण व्हायला चार दिवस जास्त लागले, तर लागू द्यावेत. त्या चार दिवसांसाठी माशांचे कल्ले जाळण्यात काय हशील? सर्वांत स्वस्त उपाय तर पाण्याशी संबंधितही नाही : खाद्य निम्मं करा. पहिल्या महिन्यात दिवसाआड चिमूटभर पुरतं. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतो म्हणजे भुकेला आहे असं समजून घरातला प्रत्येक जण जाता-येता चिमूट टाकतो आणि बिचाऱ्या फिल्टरवर खापर फुटतं.

नायट्राइटच्या बाबतीत एक जास्तीची सोय आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला निकामी करतं. रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो. पण कल्ल्यांत शिरायचा त्याचा रस्ता आणि क्लोराइडचा रस्ता एकच आहे. पाण्यात क्लोराइड पुरेसं असेल तर नायट्राइटला शिरकाव कठीण जातो. म्हणून शंभर लिटरला दहा ग्रॅम साधं मीठ विरघळवून घातलं, तर त्या पंधरवड्यात माशांना बराच आधार मिळतो. हा पाणी बदलण्याला पर्याय नाही, जोड आहे.

या लेखातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आता येतो. ‘पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मासे मेले’ हे वाक्य फार ऐकू येतं. त्यावरून लोक पाण्याला हात न लावण्याची शपथ घेतात. ते खोटं बोलत नसतात. मासे खरोखर मेलेले असतात. दोष मात्र पाणी बदलण्याचा नसतो, पीएचच्या उडीचा असतो.

टेस्ट किट दाखवते तो एकूण अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो : मोकळा अमोनिया, जो विषारी, आणि अमोनियम, जो त्या मानाने बराच निरुपद्रवी. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का भाग मोकळा असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांहून थोडा जास्त. ९ ला तर एक तृतीयांशापेक्षा अधिक. पीएच एकाने वाढला की विष जवळपास दहापट.

आता असा टँक डोळ्यांसमोर आणा, ज्यात दोन महिने पाणी बदललंच नाही, उडालं तेवढं वरून भरलं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातला कार्बोनेटचा साठा संपत जातो. तो संपला की पीएच घसरतो. सहाच्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, अमोनिया साठू लागतो, पण त्या आम्ल पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो म्हणून मासे जगतात. समजा एकूण अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि पीएच ६. मोकळा अमोनिया निघतो ०.००२ च्या आसपास, नगण्य. मग एका रविवारी कुणाला तरी टँकची दया येते. अर्धं पाणी काढून बोअरचं ताजं पाणी भरलं जातं. एकूण अमोनिया निम्मा, म्हणजे २. पण बोअरच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, त्यामुळे मिश्रणाचा पीएच चढून ७.८ होतो. मोकळा अमोनिया जातो ०.०७ वर. एकूण अमोनिया अर्धा झाला आणि विष तीसपट वाढलं. बरेच मासे ०.०५ च्याही आतच त्रासलेले दिसतात.

म्हणून दुर्लक्षित टँकचं पाणी बदलण्याआधी पीएच मोजायचा. टँकचा आणि नळाचा, दोन्हींचा. फरक अर्ध्याच्या आत असेल तर निःशंक अर्धं पाणी बदला. त्याहून जास्त असेल तर दहा-दहा टक्के, दिवसातून एक-दोनदा, चार-पाच दिवस. नव्या टँकला पहिल्या दिवसापासून वरचेवर पाणी मिळत राहिलं, तर ही वेळच येत नाही, कारण टँकचं पाणी नळाच्या पाण्यापासून कधी फार दूर जातच नाही.

यातच सायकल अर्धवट अडकण्याचं एक कारण दडलेलं आहे आणि मुंबईकरांना ते विशेष लागू पडतं. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं पाणी मऊ असतं. त्यात कार्बोनेट थोडं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. मऊ पाण्याची पुंजी पंधरा दिवसांत आटते आणि तिसऱ्या आठवड्यात आकडे जागचे हलत नाहीत. जिवाणूंच्या महागड्या बाटल्या आणण्याआधी दोन बादल्या पाणी बदलून पाहावं. नव्या पाण्याबरोबर कार्बोनेट येतं आणि गाडी पुढे सरकते. हेही अपुरं पडलं तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवावेत. घरातल्या आरओ मशीनचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून टँकमध्ये ओतणारे याच खड्ड्यात आणखी लवकर पडतात. त्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसतंच.

दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवर अवलंबून असलेल्यांची अडचण उलट. पाणी जड, पीएच चढा, त्यामुळे सायकल अडकत नाही, पण थोडासा अमोनियाही माशांना जास्त बाधतो. त्यांनी वर सांगितलेली अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा पाव मिलिग्रॅमवर आणावी. शिवाय शेतीच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात खतांमुळे आधीच नायट्रेट असू शकतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पहिल्याच दिवशी टँकमध्ये नायट्रेट दिसलं म्हणून सायकल झाली असा जल्लोष करण्याआधी नळाचं पाणी एकदा तपासावं.

उडालेल्या पाण्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात उघड्या टँकची पातळी आठवड्यात दोन-तीन बोटं सहज उतरते. नुसती भर घालत राहिलं तर पाणी घट्ट होत जातं. आधी थोडं काढा, मग भरा.

क्लोरीनबद्दल. नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालते ते जिवाणू मारायलाच, आणि आपले जिवाणू कुठले आणि रोगाचे कुठले हे क्लोरीनला कळत नाही. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावा अशी मानकाची अपेक्षा आहे. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं आणि मात्रा वाढते. नळ उघडताच वास येतो ते दिवस. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकतात तो दिवस तर पाणी बदलायला सर्वथा वर्ज्य. उपाय दोन. रुंद तोंडाच्या बादलीत किंवा पिंपात पाणी चोवीस तास उघडं ठेवायचं, त्यात हवेच्या पंपाची नळी सोडली तर आणखी बरं. नाहीतर दुकानात ‘ॲन्टीक्लोरीन’ म्हणून मिळणारे खडे किंवा द्रावण वापरायचं. ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटो धुणाऱ्यांचा जुना हायपो; क्लोरीनचा निकाल काही क्षणांत लावतं. परदेशातल्या मराठी वाचकांनी मात्र आपल्या शहरात क्लोरामाइन घालतात का हे विचारून घ्यावं. क्लोरामाइन रात्रभर ठेवून उडत नाही, आणि साधा हायपो ते फोडतो तेव्हा अमोनिया मोकळा होतो. तिथे अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर लागतं.

पाणी बदलायची कृती साधी आहे, तिचा बाऊ करू नये. टँकसाठी वेगळी बादली, जिला साबण कधी लागलेला नाही. पारदर्शक नळी, शक्यतो रबरी फुग्याची. तोंडाने ओढून घोट गिळायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. फिल्टर आणि हीटर बंद करायचे, विशेषतः हीटर. पाण्याबाहेर उघडा पडून तापला तर काच तडकते. नळीचं टोक रेतीवर अलगद फिरवून उरलेलं खाद्य आणि विष्ठा ओढून घ्यायची. रेतीत खोलवर खुपसायचं नाही; पहिल्या महिन्यात तिथे वसाहत नुकती धरायला लागलेली असते. नवं पाणी भरण्याआधी हात बुडवून तापमान बघायचं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, ते माशावर ओतणं क्रूरपणा आहे. पहाटेचं पाणी भरून घरात ठेवलेलं बरं. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो : २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या घरात, ३० ला साडेसात. जिवाणूंना तोच ऑक्सिजन हवा असतो.

त्यावरून भारनियमन आठवलं. वीज गेली की फिल्टर थांबतो आणि स्पंजमधल्या जिवाणूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. टँकच्या आत उघडा असलेला स्पंज काही तास निभावून नेतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मात्र अडकलेलं पाणी लवकर नासतं. वीज बराच वेळ जाणार असेल तर डबा उघडून स्पंज टँकमध्येच सोडावा, आणि वीज आल्यावर डब्यातलं पाणी फेकून मगच फिल्टर चालू करावा. बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप घरात असणं हे महागड्या दिव्यांपेक्षा शहाणपणाचं.

स्पंज धुवायचाच नाही का? धुवायचा, पण गरज पडल्यावर आणि टँकच्याच पाण्यात. फिल्टरचा प्रवाह मंदावला की काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळायचा. पाणी तपकिरी होईल, स्पंज पुरता स्वच्छ दिसणार नाही. तसाच परत लावायचा. चिकटून बसलेले जिवाणू एवढ्याने सुटत नाहीत. शहरांत महिन्याला ठरावीक पैसे घेऊन टँक साफ करून देणारी माणसं असतात. त्यांच्या हातात टँक दिला की दोन तासांत काच लखलखते, खडे चकाकतात, स्पंज कोरा करकरीत होतो आणि आठवड्याने मासे पृष्ठभागाशी येतात. दर महिन्याला टँक नव्याने पहिल्या दिवसावर. त्यांना बोलवायचं असेल तर काच पुसायला आणि पाणी काढायला बोलवा. फिल्टरवर हात ठेवून उभे राहा.

दोन दृश्यांनी घाबरून जाऊ नये. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होतं. ते कुजवणाऱ्या साध्या जिवाणूंचं पीक असतं आणि आपोआप ओसरतं. अमोनिया चढलेला नसेल तर निव्वळ दुधाळपणासाठी पाणी बदलण्यात अर्थ नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसते. ते डायटम नावाचं शेवाळ; बोटाने पुसलं जातं आणि पुढे कमी होतं.

जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मित्राकडून मिळाला तर हा सगळा महिना दहा-बारा दिवसांवर येऊ शकतो. दही लावायला विरजण आणतो तसाच हा प्रकार. मात्र ओला ठेवून तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये पोहोचवायचा, आणि त्याच्या टँकमध्ये आजार नाही ना हे विचारून. भराभर वाढणाऱ्या पाणवनस्पतीही मदत करतात. हायड्रिला अमोनियम थेट शोषून घेते. मुळा-मुठेत जलपर्णी फोफावते ती अशाच सांडपाण्यातल्या नायट्रोजनवर. म्हणून कुणी नदीतली जलपर्णी उचलून टँकमध्ये टाकू नये. तिच्याबरोबर काय काय येईल सांगता येत नाही.

आता ज्यांनी संयम ठेवला आणि मासे आणलेच नाहीत, त्यांच्यासाठी. त्यांनी अमोनिया बाहेरून घालायचा. कल्हईवाले भांडं तापवून ज्याची पूड टाकायचे तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध दर्जाचा घ्यावा. शंभर लिटरला ०.६ ग्रॅमच्या किंचित वर घातला की लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. तो उतरला की पुन्हा तेवढाच. अशा टँकचं पाणी मधल्या काळात बदलायची सहसा गरज नाही, कारण त्रास व्हायला आत कुणीच नाही. अपवाद दोन : पीएच साडेसहाच्या खाली घसरला, किंवा हात सैल सुटून अमोनिया वा नायट्राइट पाचच्या पुढे गेलं. इतक्या दाट पाण्यात जिवाणूही मंदावतात, तेव्हा अर्धं पाणी बदलून आकडे खाली आणावेत. नाशिक-नागपूरच्या थंडीत रात्री पाणी विशीच्या खाली जात असेल तर हीटर लावावा; गारठ्यात हे काम दुप्पट रेंगाळतं.

सायकल पूर्ण झाली हे ओळखायची कसोटी : २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला हवेत, आणि हे लागोपाठ दोन-तीन दिवस घडायला हवं. तोवर नायट्रेट बरंच साठलेलं असतं. नायट्रेटची बाटली वापरताना ती अर्धा मिनिट जोरात हलवावी. तळाशी बसलेलं द्रव्य मिसळलं नाही तर आकडा खोटाच कमी दिसतो. मग ऐंशी-नव्वद टक्के पाणी एकदम काढायचं. फिल्टरमध्ये थोडं पाणी राहू द्यायचं म्हणजे स्पंज वाळणार नाही. क्लोरीन काढलेलं, टँकइतक्याच तापमानाचं पाणी भरायचं आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी मासे आणायचे. ते लांबणार असेल तर रोज थोडा नवसागर चालू ठेवावा लागेल. ज्यांच्या टँकमध्ये मासे आधीपासून होते, त्यांनी आठ दिवस सलग अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावर रोजची मोजणी थांबवावी आणि आठवड्याला पाव टँक पाणी बदलण्याच्या रुळावर यावं.

पुढच्या आठवड्यात : दोन फुटी टँकमध्ये नेमके किती मासे, आणि गोल्डफिश त्यात का बसत नाही.